नोकरी सांभाळून ऑनलाइन दुकान काढायचंय, आधी वेबसाइट की आधी माल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नोकरी चालू आहे, थोडी बचत बाजूला काढलीये, घरात वापरायच्या वस्तू ऑनलाइन विकायच्यात, चाळीसेक वस्तू निवडूनही ठेवल्यात, आता स्वतःची वेबसाइट करावी का मार्केटप्लेसवर (ॲमेझॉनसारख्या, जिथे अनेक विक्रेते विकतात अशा साइटवर) जावं, जाहिरातीला किती पैसे ठेवावेत आणि नोकरी कधी सोडावी.

मी ११ वर्षं हेच काम करतेय. सिरॅमिकचे मग, बाऊल, टेबलावरचे छोटे दिवे, असा माल. आज माझ्यासोबत दोन जण पॅकिंगला आहेत, पण पहिली तीन वर्षं मी एकटीच होते, दिवसा नोकरी आणि रात्री खोके. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच लिहावंसं वाटलं, कारण तुम्ही जे तीन प्रश्न विचारलेत ते सगळे नंतरचे आहेत आणि जो पहिला विचारायला हवा तो त्यात नाहीये. एका ऑर्डरमागे तुमच्या हातात नक्की काय उरणार? हे माहीत नसताना वेबसाइट चांगली का मार्केटप्लेस चांगलं याला काही अर्थच नाही.

बसा आणि एकाच वस्तूचा हिशोब मांडा. विक्रीची किंमत १०० धरा, कुठल्याही चलनात. टॅक्स त्यात धरलेला असेल तर तो आधीच वजा करून टाका, तो तुमचा पैसा नाही. समजा माल पडला ३८ ला आणि तो तुमच्या घरापर्यंत आणायला ४, झाले ४२. खोकं, बबल रॅप, टेप, लेबल मिळून ५. कुरिअर १३. पेमेंटवाल्यांचं किंवा मार्केटप्लेसचं कमिशन १२. एकूण ७२ गेले, उरले २८. बहुतेक नवीन लोक इथेच थांबतात आणि म्हणतात २८ टक्के म्हणजे छानच की. पण अजून परत येणारा माल धरलेलाच नाहीये. १०० ऑर्डर गेल्या आणि त्यातल्या १२ परत आल्या तर ८८ वर २८ प्रमाणे २४६४ मिळाले. परत आलेल्या प्रत्येकावर जातानाचं आणि येतानाचं कुरिअर २६ आणि पॅकिंगचे ५ असे ३१ गेले, म्हणजे ३७२. आणि त्या बारातले तीन नग तरी चरा पडलेले, टवका उडालेले, पुन्हा विकता न येणारे असतात, त्यांच्या मालाचे १२६. सगळं वजा करून उरले १९६६, म्हणजे ऑर्डरमागे जेमतेम १९.६६. आता तुमच्या जाहिरातीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं बघा. एक ऑर्डर आणायला जाहिरातीवर २० खर्च झाले की तुम्ही फुकट राबताय, आणि वर तुमचा वेळ अजून कुठेच धरलेला नाहीये.

हेच डिस्काउंटचं. २० टक्के सूट म्हणजे २० टक्के नफा कमी असं लोकांना वाटतं. वरच्या हिशोबात परत येणारा माल धरायच्या आधी तुमच्याकडे २८ होते, त्यातले २० गेले, राहिले ८. कमिशन थोडं कमी लागेल म्हणून दोनेक वाढतील, पण साधारण तेवढेच पैसे मिळवायला तुम्हाला जवळजवळ तिप्पट ऑर्डर पॅक कराव्या लागतील. मी पहिल्या वर्षी सेल लावला होता, ऑर्डरी धडाधड आल्या, मला वाटलं धंदा लागला, आणि महिन्याच्या शेवटी खात्यात आदल्या महिन्यापेक्षा कमी पैसे होते. त्या रात्री मी पहिल्यांदा असा प्रत्येक वस्तूचा हिशोब मांडला, तो आदल्या वर्षीच मांडायला हवा होता.

कुरिअरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथे खूप पैसे गळतात. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नी भागायचं, हे बऱ्याच कुरिअर कंपन्यांचं गणित आहे (काहींचा भाजक वेगळा असतो, विचारून घ्या). त्यातून आलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. म्हणजे ९०० ग्रॅमचा दिवा तुम्ही ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात टाकला तर तो ४.८ किलोचा धरला जाणार. तोच ३० बाय २० बाय १० मध्ये बसवला तर १.२ किलो. वस्तू तीच, ग्राहक तोच, आणि मोठ्या खोक्यात पैसे चौपट वजनाचे. म्हणून वस्तू निवडताना मी आधी खोकं बघते, मग वस्तू. तुमच्या चाळीसच्या यादीत मोठ्या, हलक्या आणि पोकळ वस्तू किती आहेत ते एकदा बघा, त्या बहुतेक काढाव्या लागतील.

आता चाळीस वस्तूंवर येते. कृपा करून एवढ्या घेऊ नका. एकेका वस्तूचे तीन रंग धरले तर १२० एसकेयू (म्हणजे स्टॉकमध्ये वेगवेगळे मोजायचे प्रकार) झाले, प्रत्येकाचे नुसते दहा-दहा नग ठेवले तरी १२०० नग, तेवढ्यांचे फोटो, तेवढ्यांची वर्णनं, तेवढा स्टॉक मोजायचा, आणि यातलं काय चालणार हे तुम्हाला आज माहीत नाही, मलाही नसतं, अकरा वर्षांनंतरही नसतं. मला मागणीचा अंदाज येतो असं जो छातीठोक सांगतो त्याच्या गोडाऊनमध्ये एकदा डोकावून यावं.

मागणी आहे का हे माल न भरता बघता येतं. झॅपोस नावाची बुटांची मोठी ऑनलाइन कंपनी १९९९ साली निक स्विनमर्न या माणसाने सुरू केली तेव्हा त्याच्याकडे स्टॉक नव्हता. तो जवळच्या बुटांच्या दुकानांत गेला, फोटो काढले, ते ऑनलाइन टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानात जाऊन पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवायचा. यात नफा नव्हताच, पण लोक पायात न घालता बूट ऑनलाइन घेतात का या एकाच प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं आणि ते मिळालं. तुम्हाला अगदी तसंच करायची गरज नाही, पण चाळीसातल्या चार वस्तू उचला, प्रत्येकी पंधरा-वीस नग घ्या, महाग पडले तरी चालतील, आणि ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांना विकून बघा. ओळखीच्यांनी घेतलेली ऑर्डर मोजायची नाही, ते तुमच्यासाठी घेतात, वस्तूसाठी नाही.

हे मी इतकं कळकळीने सांगतेय कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. एका मगचे पहिल्या महिन्यात ५० नग गेले. पुरवठादार म्हणाला ६०० घेतले तर नगामागे चांगला दर देतो, आणि मी पाच रंगांत सारखे वाटून ६०० घेतले. पांढरा आणि गडद निळा पाच आठवड्यांत संपले. उरलेले तीन रंग चौदा महिने माझ्या पलंगाखाली होते. गंमत बघा, कागदावर मी नफ्यात होते, कारण माल तर माझाच होता, पण पांढरा परत मागवायला हातात पैसे नव्हते कारण ते सगळे पलंगाखाली अडकले होते. रोज लोक विचारायचे पांढरा कधी येणार आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वस्त दराने घेतलेला न खपणारा माल हा महाग दराने घेतलेल्या खपणाऱ्या मालापेक्षा कितीतरी महाग पडतो.

पैसे अडकतात म्हणजे किती दिवस अडकतात तेही मोजा. आज पुरवठादाराला पैसे दिले, माल यायला वीस दिवस, विकायला सरासरी तीस दिवस, मार्केटप्लेसकडून पैसे खात्यात यायला अजून दहा-बारा दिवस. झाले साठ दिवस. म्हणजे आज लावलेला पैसा दोन महिन्यांनी परत हातात येतो, आणि मधल्या काळात विक्री वाढली तर पुढचा माल भरायला अजून पैसे लागतात, मागचे आलेले नसतात. विक्री वाढतेय आणि खात्यात खडखडाट, हे नवीन माणसाला समजतच नाही, त्याला वाटतं कोणीतरी फसवतंय. म्हणून बचतीतला निम्म्याच्या वर पैसा पहिल्या मालात घालू नका, आणि दुकानाचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. घरखर्च आणि दुकान एका खात्यात असेल तर दुकान चालतंय का बुडतंय हे कधीच कळणार नाही.

पुढचा माल कधी मागवायचा याचं साधं गणित आहे. रोज सरासरी ४ नग जातात, माल यायला १५ दिवस लागतात, म्हणजे ६० नग तर तेवढ्या काळातच जाणार, वर उशीर होईल म्हणून २० धरा. शिल्लक ८० वर आली की त्याच दिवशी ऑर्डर द्यायची. मी हे अजूनही साध्या स्प्रेडशीटमध्ये करते. फक्त शिल्लक खरी हवी, म्हणून दर रविवारी हाताने मोजते, कॉम्प्युटर काय म्हणतो त्यावर विश्वास ठेवून नाही.

फोटो. यावर लोक एकतर खूप पैसे घालवतात नाहीतर अजिबात लक्ष देत नाहीत. महागडा कॅमेरा नको, खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, मागे पांढरा कागद, फोन स्टँडवर. माझ्या एका दिव्याचा फोटो मी रात्री पिवळ्या बल्बखाली काढला होता, राखाडी दिवा फोटोत बदामी दिसायचा, आणि दर पाचातला एक परत यायचा. ग्राहक लिहायचे रंग वेगळा आहे, मला वाटायचं लोक उगीच नखरे करतायत. फोटो बदलला आणि परत येणं जवळजवळ थांबलं. तेव्हापासून माझा नियम आहे की परत आलेल्या मालाचं कारण वाचल्याशिवाय तो फडताळात जात नाही, कारण दहापैकी सात वेळा चूक आपल्या पानावर असते. एका फोटोत वस्तू हातात धरलेली दाखवा म्हणजे आकार कळतो. मापं लिहा, वजन लिहा, मगमध्ये किती मिली मावतं ते लिहा, वायर किती लांब ते लिहा, सोबत बल्ब येत नसेल तर तेही पहिल्या दोन ओळींतच लिहा. उच्च दर्जाचे, आकर्षक वगैरे शब्द कोणी वाचत नाही, माप वाचतात.

पॅकिंग. माझा माल फुटणारा आहे म्हणून मी यात जास्त घुसलेय, पण तुम्हालाही उपयोगी पडेल. पॅक केलेलं खोकं पाठवायच्या आधी स्वतः पाडून बघा. इस्टा म्हणून पॅकेजिंगच्या चाचण्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या मूळ चाचणीत खोकं दहा वेळा पाडतात, एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर आणि मग सहाही बाजूंवर, आणि दहा किलोच्या आतल्या खोक्याला उंची साधारण ७६ सेंमी, म्हणजे टेबलाएवढी. घरच्या घरी करता येतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चौथ्याच वेळी मगचा कान तुटला, आणि कारण असं निघालं की मग आतल्या आत हलत होता. बबल रॅप कमी नव्हता, मोकळी जागा जास्त होती. खोकं लहान केलं, फुटणंही कमी झालं आणि कुरिअरही. आणि हो, 'नाजूक' असं स्टिकर लावून काही होत नाही, खोकं असं भरा की त्यावर काहीच लिहिलेलं नसलं तरी माल टिकला पाहिजे.

आता वेबसाइट का मार्केटप्लेस. स्नोबोर्ड विकणाऱ्या टोबी ल्युटके या माणसाला २००४ मध्ये स्वतःच्या ऑनलाइन दुकानासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्याने ते स्वतः लिहिलं, आणि त्यातूनच २००६ मध्ये शॉपिफाय आलं. आज ती अडचण कोणालाच नाही. शॉपिफाय घ्या, वूकॉमर्स घ्या, दोन-तीन शनिवार-रविवारांत दुकान उभं राहतं, त्यामुळे कोणी तीन महिने वेबसाइटच सजवत बसला असेल तर मला काळजी वाटते, तो विकायचं टाळतोय. माझं मत विचाराल तर पहिल्या पन्नास-शंभर ऑर्डर मार्केटप्लेसवर घ्या, कारण तिथे लोक आधीच विकत घ्यायला आलेले असतात, आणि तुमची वस्तू चालते का हे लवकर कळतं. कमिशन जातं ते शिकवणीची फी समजा. पण तिथला ग्राहक तुमचा नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा. एका मार्केटप्लेसने माझं खातं कसल्यातरी तपासणीसाठी २३ दिवस बंद ठेवलं होतं, विक्री बंद, आधीचे पैसेही अडकलेले, आणि उत्तर द्यायला माणूस सापडत नव्हता. त्या वेळी माझी ८० टक्के विक्री तिथूनच व्हायची. ते २३ दिवस मी झोपले नाहीये नीट. त्यानंतर मी स्वतःचं दुकान मनापासून उभं केलं आणि आता कुठल्याही एका ठिकाणाहून निम्म्याच्या वर विक्री होऊ देत नाही.

स्वतःच्या वेबसाइटवर एक गोष्ट करा, कुरिअरचे पैसे शेवटच्या पानावर अचानक दाखवू नका. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था वर्षानुवर्षं याचा अभ्यास करतेय आणि त्यांचा आकडा असा की कार्टमध्ये वस्तू टाकलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक घेतल्याशिवाय निघून जातात. त्यातले बरेच नुसते बघायलाच आलेले असतात, ते सोडा, पण बाकीच्यांच्या निघून जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शेवटी वाढलेले जास्तीचे पैसे. मी कुरिअर वस्तूच्या किमतीतच घातलं. किंमत वाढलेली दिसली तरी विक्री वाढली. शिवाय खातं उघडायची सक्ती नको, पाहुणा म्हणून घेऊ द्या. आणि कार्डचे आकडे स्वतःच्या वेबसाइटवर कधीही साठवू नका, ते काम पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं) आहे, त्यासाठी कार्ड कंपन्यांचे कडक नियम आहेत आणि एकट्या माणसाला ते झेपणारे नाहीत.

जाहिरात मी शेवटी ठेवलीये आणि तीही थोडक्यातच. आधी ग्राहकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या, माल वेळेवर पाठवा, ज्यांनी एकदा घेतलंय त्यांना नवीन वस्तू आल्यावर एक साधा ईमेल करा, अर्थात त्यांनी परवानगी दिली असेल तर. दुसऱ्यांदा घेणाऱ्याला आणायला खर्च जवळजवळ नसतो, वरच्या हिशोबातले ते १९.६६ पूर्ण तुमच्याकडे राहतात. माझी आजची ४० टक्के विक्री जुन्या लोकांकडून येते आणि दुकान त्यावरच उभं आहे. पैसे देऊन जाहिरात कराल तेव्हा एकाच वस्तूची करा, थोड्या रकमेने, आणि ऑर्डरमागे किती पडले ते रोज लिहा. लाइक किती आले ते लिहू नका.

चिडलेल्या ग्राहकाबद्दलही सांगते, कारण पहिला वाईट रिव्ह्यू आला की रडू येतं, मलाही आलं होतं. लगेच उत्तर लिहू नका, एक तास जाऊ द्या, मग चूक आपली असेल तर सरळ मान्य करून पैसे परत करा किंवा नवीन नग पाठवा. वाद घालून वाचवलेल्या एका मगच्या किमतीपेक्षा तो वाद वाचणाऱ्या पुढच्या शंभर लोकांची किंमत जास्त असते. पण पॅक करताना फोटो काढून ठेवा आणि कुरिअरची पावती जपा, कारण कधी कधी माल मिळालाच नाही म्हणून बँकेतूनच पैसे परत खेचले जातात, आणि तेव्हा पुरावा नसेल तर मालही जातो आणि पैसेही. मालाच्या परतीचे नियम आधीच स्पष्ट लिहा, आणि जिथे माल पाठवणार तिथला कायदा बघा. उदाहरणार्थ, युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करायचा हक्क ग्राहकाला आहे, तिथे तुमचा नियम काय म्हणतो याने फरक पडत नाही.

राहिली नोकरी. मी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सोडली आणि तेव्हाही लवकरच सोडली असं आज वाटतं. माझी कसोटी अशी, पुढचा माल भरून झाल्यावर, परतीचे पैसे देऊन झाल्यावर, टॅक्स बाजूला काढून झाल्यावर दुकानाने तुम्हाला सलग सहा महिने घरखर्चापुरता पगार दिला पाहिजे, आणि तो तुम्ही खरोखर दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात टाकलेला असला पाहिजे, नुसता कागदावर नाही. तोपर्यंत नोकरी हाच तुमचा सगळ्यात स्वस्त भांडवलदार आहे, ती असल्यामुळे तुम्ही घाबरून सेल लावत नाही, घाबरून ६०० नग घेत नाही. या शनिवारी चाळीसातल्या चार वस्तू निवडा, त्यांची खोकी मोजा, वरचा हिशोब प्रत्येकीचा वेगळा मांडा, आणि जिच्यात ऑर्डरमागे १५ सुद्धा उरत नाहीत ती कितीही आवडती असली तरी यादीतून काढा. आकडे मांडून झाले की इथेच टाका, मी बघून सांगते कुठे काय सुटलंय.